पोलीस भरती: बहिणीच्या मैदानीसाठी ट्रेनर कोणता?

कोरडवाहू
बहीण 19 वर्षांची, शिपाई भरतीची तयारी. 800 मीटरला 3 मिनिटं 25 सेकंद लागतात, गोळा साडेचार मीटरवर अडतो. तालुक्याला दोन पर्याय. एक अकॅडमी: 60 पोट्टे-पोरी एकत्र, भरती होईपर्यंत 18 हजार, एकदम. दुसरे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेले सर: महिना 1500, आठच जण. गाव 20 किलोमीटरवर. कुठं टाकावं?

धावपट्टी
भाऊ, आधी हिशेब करा. 800 चे पूर्ण 20 गुण 2 मिनिटं 50 सेकंदांना, म्हणजे 400 ची फेरी 85 सेकंदांत. सध्या तिची 102-103 पडते. दोघांनाही एकच विचारा: पहिल्या महिन्यात काय करून घेणार? आठवड्यात तीन दिवस बोलता येईल एवढ्या वेगानं 20-25 मिनिटं, एक दिवस 200 चे सहा तुकडे, मधे दोन मिनिटं चालणं, असं काही सांगितलं तर माणसाला कळतं. "रोज टायमिंग लावतो" म्हणणाऱ्याकडं नका टाकू. डांबरी रस्त्यावर रोज पूर्ण दम काढला की नडगी धरते. हाडाच्या आतल्या कडेनं लांब पट्टा दुखला तर सराव कमी करून बहुतेकदा भागतं. रुपयाएवढ्या एकाच जागी दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, धावणं बंद आणि डॉक्टर. तिथं दुखण्याचं इंजेक्शन देऊन पळवणारा ट्रेनर दिसला तर त्याच दिवशी सोडा.

पांढरकवडा_७
ट्रेनरनं रक्ताचा रिपोर्ट मागितला का ते पाहा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर कितीही पळवा, दम लवकर तुटतो. आपल्या विदर्भात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीही करूनच घ्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आजार नसून नुसता वाहक (आई-बापापैकी एकाकडूनच तो दोष आलेला) असला तरी उन्हात, पाणी न पिता, सलग जोर लावणं धोक्याचं. अशा मुलीला मधे जास्त आराम देणारा आणि "थांबू नको" म्हणून न ओरडणारा माणूस लागतो. साठ जणांत तिचं तोंड पांढरं पडलं तर कोणाला दिसणार?

गोळा_चार_किलो
जाताना मोजपट्टी न्या. शाळेच्या मैदानावरची "400" ची फेरी 370 निघाली तर 800 मधे 60 मीटर कमी, तिच्या वेगानं 15 सेकंद फुकटची सुधारणा! गोळाही किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, बरोबर 4 किलो पाहिजे.
शिकवताना हात पाहा. गोळा तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी. हनुवटीखाली मानेला टेकलेला. कोपर खाली पडलं की तो ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो: फाऊल, वर खांदा धरतो. जोर पायातून. नुसते दंड मारायला लावणाऱ्याकडं पूर्ण गुणांचे सहा मीटर व्हायला वेळ लागेल.

कोरडवाहू
सरांकडं कल आहे. पण पहिली एसटी साडेसहाला, पोचेपर्यंत सव्वासात. उन्हाळ्यात काय?

धावपट्टी
मग रोज नका पाठवू. आठवड्यात दोनदा तिथं: तुकड्यांचा दिवस आणि गोळ्याचा दिवस. सावकाश धावणं गावातच, पांदण रस्त्यावर, साडेपाचला, सोबत कोणी सायकलवर. सरांना दोन दिवसांचे पैसे ठरवता येतात का विचारा. एकदम 18 हजार तर देऊच नका, भरतीच्या तारखा पुढं सरकतात.