फाळणी आठवत नसताना फाळणीची चित्रं: याला स्मृती म्हणायचं का?

काजळरेघ
नलिनी मलानी यांच्या चित्रांवरचं काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'फाळणीची स्मृती' हे शब्द येतातच. त्यांचा जन्म १९४६चा, कराचीचा. घर सुटलं तेव्हा त्या वर्षा-दीड वर्षाच्या. कुटुंब आधी कोलकात्याला आलं, पुढे मुंबईला. कराचीचा एखादा जिना, एखादी गल्ली त्यांना आठवत असेल हे शक्यच नाही.

त्यांची चित्रं मला फार आवडतात, हे आधीच सांगते. पण त्यांत दिसतं ते ऐकलेलं, वाचलेलं आणि त्यावर वर्षानुवर्षं विचार करून उभं केलेलं. ग्रीक पुराणकथांतल्या कॅसँड्रा आणि मीडिया (Medea), सीता, 'वंडरलँड'मधली ॲलिस या सगळ्या पुस्तकांतून आलेल्या बायका आहेत. १९९८च्या 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग'मध्ये पत्र्याच्या ट्रंकांत व्हिडिओचे पडदे ठेवले होते. तिथेही सआदत हसन मंटोंची फाळणीवरची 'टोबा टेक सिंग' ही कथा आणि पोखरणच्या अणुचाचण्या यांचा विचार आहे, आठवण नाही.

चित्रकार कृष्ण खन्ना फाळणीच्या वेळी बावीस वर्षांचे होते. लाहोर सोडून ते आले. १९४८मध्ये त्यांनी गांधीहत्येची बातमी वाचणारी माणसं रंगवली: दिव्याखाली उभी, प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र, प्रत्येकजण आपापल्यापुरता. ते त्या काळात जगलेल्या माणसाचं चित्र आहे. दोन्हींना एकच शब्द लावला की पाहिलेल्याचं मोल कमी होतं, असं माझं ठाम मत आहे.

उंबरठा
साफ असहमत. माझी आजी कराचीची. तिथे मराठी कुटुंबं बरीच होती, हे आता कुणाला फारसं माहीत नसतं. आमच्या घरात दार आपटलं की आजी दचकून उभी राहायची. आईसुद्धा तशीच. मी आजही दार हाताने धरून, आवाज न करता लावते. मी कराची पाहिलेली नाही, आईनेही नाही. मग हे माझ्या हातात कुठून आलं? मी ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

काजळरेघ
उंबरठा, वाचून गलबललं, खरंच. तरी म्हणेन की ही सवय आहे. भीती वारशाने आली, पण प्रसंग आला नाही. दारापलीकडे तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. स्मृतीत प्रसंग असावा लागतो.

तिठा
मी चित्रं काढतो, म्हणून हाताच्या बाजूने बोलतो. मलानी पारदर्शक ॲक्रिलिकच्या किंवा मायलारच्या (प्लास्टिकच्या पातळ फिल्मच्या) पाठीमागून रंगवतात. ही रीत त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चित्रकार भूपेन खक्करांकडून घेतली. एकदा करून बघा म्हणजे कळेल. नेहमीच्या चित्रात आधी पार्श्वभूमी, मग चेहरा, शेवटी डोळ्यातला ठिपका. इथे क्रम उलटा. ठिपका आधी, त्यावर बुबुळ, त्यावर त्वचा, आणि मागचं आकाश सगळ्यात शेवटी. समोरून जे सर्वांत वर दिसतं ते सर्वांत आधी ठरवलेलं असतं, आणि मागून रंग चढल्यावर ते दुरुस्त करता येत नाही.

ऐकलेल्या गोष्टी आपल्यापर्यंत अशाच येतात. आधी एक ट्रंक, एक किंकाळी, एक नाव. ते कुठलं, कधीचं, का, हे पुढे अनेक वर्षांनी मागून भरत जातं. काजळरेघताई, तुम्ही ज्याला 'विचार करून उभं केलेलं' म्हणता ते हे मागून भरणं आहे. ठिपका मात्र आधीचा आहे, आणि तो त्यांनी निवडलेला नाही. पुढे हेच रंगवलेले मायलारचे दंडगोल त्यांनी फिरवत ठेवले आणि त्यांतून प्रकाश सोडला. २०१२च्या जर्मनीतल्या कासेलच्या प्रदर्शनात असे पाच होते. भिंतीवर सावल्या सरकतात, एकीवर दुसरी चढते, काही हातात धरता येत नाही. हे चित्र बावीस वर्षांच्या साक्षीदाराला सुचलं नसतं.

जुनीवही
मला 'स्मृती'पेक्षा 'स्थलांतर' या शब्दाचा राग येतो. स्थलांतर पक्षी करतात, ऋतू पालटला की परतही येतात. १९४७मध्ये सव्वा ते दीड कोटी माणसं देशोधडीला लागली. पंजाब आणि बंगाल निदान विभागले तरी गेले. सिंध अख्खा पलीकडे गेला, म्हणजे तिथून आलेल्या हिंदूंना 'आपल्या बाजूचा सिंध' असा उरलाच नाही. कराचीहून आगबोटीने माणसं मुंबईला उतरली आणि कल्याणच्या लष्करी छावण्यांत राहिली, तिथेच पुढे उल्हासनगर झालं. हे सगळं 'स्थलांतर आणि अस्मिता' अशा गुळगुळीत शब्दांत बसवून प्रदर्शनाच्या भिंतीवर लावतात, तेव्हा चित्राआधीच चित्र बोथट होतं.

मूळ प्रश्नावर मी काजळरेघ यांच्या बाजूने आहे. झरीना हाशमींचं २००१चं 'डिव्हायडिंग लाइन' घ्या. (रंगचित्र नाही, लाकूडठसा आहे, पण इथे आणायलाच हवा.) कागदावर एक वेडीवाकडी काळी रेघ, बस. त्या १९३७च्या, अलीगढच्या. कुटुंब नंतर कराचीला गेलं, म्हणजे मलानींच्या उलट दिशेने. फाळणीच्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांना ना मीडिया लागली ना कॅसँड्रा. ज्याला आठवतं त्याला एक रेघ पुरते.

तिठा
'पुरते' हे पटत नाही. त्यांनीही चौसष्टाव्या वर्षी ती रेघ कोरली. मधली पन्नासहून अधिक वर्षं त्या रेघेत नाहीत का? ते मागून भरणंच झालं.

काजळरेघ
तिठा, झरीनांबद्दल तुमचं बरोबर आहे, मी हा विचार केला नव्हता. पण मग पाहिलेलं आणि ऐकलेलं यांतला फरक उरतो कुठे? फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी बोलायचं तर 'हे माझं नाही, मी ऐकलंय' एवढं तरी चित्राशेजारी लिहिलेलं असावं. मी शब्दावर अडून बसलेय ती यासाठी.

उंबरठा
शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही, त्यांतलीच आजी असेल. मी तिला कधी विचारलं नाही की दाराचा आवाज झाला की तू अशी का होतेस. आता विचारायला ती नाही. तुमच्या हिशोबाने ती आठवण तिच्याबरोबर संपली, माझ्याकडे उरली ती नुसती सवय. मला ते मान्य नाही.