यंदा वह्या देण्याआधी एक यादी करू

सचिन (सचिव, ए-201): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीतले 42,000 शिल्लक आहेत. दरवर्षीप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेला वह्या द्यायच्या ना? जूनच्या मध्यावर शाळा उघडते, त्याआधी माल पोचायला हवा.

मानसी (बी-304): नक्की देऊ. यंदा दप्तरंही बघायची का? त्या शाळेत 60 मुलं आहेत, आरामात बसेल.

नाना (डी-101): माझे 1,000 अजून धरा.

बाई (सी-502): सचिन, वह्या द्याच. पण त्याआधी माझं थोडं वाचा, लांबलचक लिहिणार आहे.

मागच्या पावसाळ्यात आपण वह्या दिल्या त्याच शाळेत मी दिवाळीनंतर गेले होते. कपाटात बारा डझन वह्या तशाच पडून. खालच्या थराला वाळवी लागलेली. कुणाची चूक नाही, दोन संस्थांनी आणि एका कंपनीने त्याच महिन्यात त्याच शाळेला वह्या दिल्या, कारण ती रस्त्यालगत आहे. तिथून चार किलोमीटर वर जी वाडी आहे, तिथल्या शाळेत मुलं जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून वापरत होती.

मी भोर तालुक्यात एकोणीस वर्षं काढली, शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेच्या वाड्या. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नऊ शाळा, त्यातल्या सहांचा पट (मुलांची संख्या) तीसच्या आत, तीन जरा मोठ्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. म्हणजे आमच्या अख्ख्या केंद्राचे झाले 1,35,000. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात खडू, हजेरीपत्रकं, प्रिंटरची शाई, नळाच्या तोट्या, पंख्याचा कॅपॅसिटर, दाराच्या कड्या. छोट्या शाळेला महिन्याचे 833 रुपये पडतात बघा.

आणि हे पैसे येतात कधी? बहुतेक वेळा वर्ष संपता संपता. मार्च उजाडला की फोन येतो, आठवड्यात खर्च दाखवा, नाहीतर परत जातील. मग जो शिक्षक दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळतो तोच शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडीला किक मारून बाजारात जातो. तीन दरपत्रकं लागतात. एकच दुकानदार तिन्ही देतो, तीन वेगळ्या लेटरहेडवर. मी स्वतः घेतली आहेत. त्या दिवशी रात्री झोप लागायची नाही, पण सोमवारी वर्गावर जायचं असायचं आणि मला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

एकदा केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत आम्ही नऊ जणांनी सहज आपापले भाव वहीत लिहिले. एकाच मॉडेलचा टोनर, कुणी 1,150 ला घेतलेला, कुणी 1,900 ला. आग विझवायचा सिलिंडर भरून घ्यायला एकीने 450 मोजले, एकाने 900 आणि वर त्या माणसाच्या येण्याजाण्याचे वेगळे. तो माणूस नऊ शाळांसाठी त्याच एका रस्त्याने नऊ वेळा आला होता आणि प्रत्येक शाळेने त्याचं पूर्ण भाडं भरलं होतं. त्या वहीचं पान मी अजून जपून ठेवलंय.

पुढच्या वर्षी आम्ही एवढंच केलं: सिलिंडर भरणाऱ्याला एकाच दिवशी बोलावलं. नऊही शाळांचं काम दुपारपर्यंत उरकलं, प्रत्येकी 400 मध्ये, भाडं एकदाच.

प्रसाद (ए-403): बाई, हे वाचून मी ऑफिसातून बाहेर येऊन लिहितोय. मी चाकणला खरेदी विभागात आहे, आमचं रोजचं कामच हे. पण आमच्याकडे त्यासाठी बारा माणसं आहेत, शाळेत एकही नाही.

नाना (डी-101): आपण हापूसच्या पेट्या कशा मागवतो? एकट्याने देवगडला फोन केला तर बागवाला एक पेटी पाठवायला तयार होत नाही. चाळीस पेट्या म्हटलं की टेम्पो दारात. शाळांनी का करू नये?

मानसी (बी-304): मग सरकारनेच सगळ्या राज्यासाठी एकदम का घेऊ नये? अजून स्वस्त पडेल ना.

बाई (सी-502): तेही करून झालंय मानसी. गणवेशाचं आठव. दोन गणवेशांचे वर्षाला 600 रुपये प्रत्येक मुलामागे असतात, आधी ती खरेदी शाळा व्यवस्थापन समिती करायची. 2024-25 ला 'एक राज्य, एक गणवेश' आला. कापड वरून घ्यायचं, आणि शिवायचं महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांनी. हेतू चांगला होता, बायांना काम मिळणार होतं. पण कितीतरी शाळांत 15 ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यांवर झालं. आले तेव्हा कुणाची बाही आखूड, कुणाची चड्डी घोट्यापर्यंत. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये शासनाने पुढच्या वर्षापासूनची खरेदी परत समितीकडे दिली.

मी त्यातून हे शिकले की एकटी शाळा फार लहान पडते आणि अख्खं राज्य फार मोठं. पहिलीतल्या सोनूच्या कमरेचं माप मंत्रालयात कसं कळणार? आमचं केंद्र नऊ-दहा शाळांचं. दर महिन्याला आम्ही भेटतोच. एखाद्या शाळेत माल खराब आला तर बाकी आठ जणांना संध्याकाळपर्यंत कळतं आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं. खरेदी एकत्र करायची तर याच मापाची करावी, असं माझं ठाम मत आहे.

विनय (खजिनदार, बी-102): बाई, एक अडचण सांगतो, ऑडिटची. नऊ शाळांचे पैसे एका खात्यात गोळा करून कुणी एकाने बिल भरलं तर सगळे अडकतील. शिवाय एकूण रक्कम निविदेच्या मर्यादेत गेली तर निविदाच काढावी लागेल, आणि ती चुकवायला बिलाचे तुकडे पाडणं तर फारच वाईट.

बाई (सी-502): बरोबर आहे, म्हणूनच पैसे एकत्र करायचेच नाहीत. यादी एकत्र, माल बघणं एकत्र, भाव एकत्र बोलायचा. ठराव ज्या त्या समितीचा, बिल ज्या त्या शाळेच्या नावाचं, पैसे ज्याच्या त्याच्या अनुदानातून. आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी लेखी कळवायचं. आम्ही सिलिंडरचं तसंच केलं होतं, लेखापरीक्षणात एक आक्षेप निघाला नाही. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, त्यात निम्म्या बाया. त्यांना भाव लिहून दाखवला की त्या दुकानदाराशी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात.

विनय (खजिनदार, बी-102): मग माझी हरकत नाही. उलट ठरावाचा एक सोपा नमुना मी करून देतो, सगळ्यांना चालेल असा.

प्रसाद (ए-403): यादी करताना नुसतं 'वही' असं लिहू नका. आमच्याकडे पहिला नियम: वस्तूचं वर्णन इतकं नेमकं हवं की तीन दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंचे भाव देऊ शकणार नाहीत. पानं किती, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), शिलाईची की पिनची, एकरेघी, दुरेघी, चौरेघी की चौकटी. दुकानात '200 पानी' म्हणून देतात ती वही उलटून मागे बारीक अक्षरात बघा, 172 लिहिलेलं असतं. भाव वहीचा नको, शंभर पानांचा काढा.

आणि प्रिंटर. शाळांना देणगीत येतो तो सगळ्यात स्वस्त प्रिंटर, त्याची काडतुसं दोन वर्षांत प्रिंटरच्या दुप्पट पैसे खातात. नऊ शाळांनी एकाच मॉडेलचा इंकटँकवाला घेतला तर शाई एकमेकांना उसनी देता येईल.

सचिन (सचिव, ए-201): सरकारी खरेदीचं ते ऑनलाइन जेम पोर्टल आहे ना, त्यावर नाही का घेता येत?

प्रसाद (ए-403): येतं. 2016 पासून आहे. संगणक, प्रिंटर, पंखे यांना चांगलं. पण दोन डझन वह्या वाडीवर पोचवायला विक्रेता उत्सुक नसतो. नऊ शाळांची मागणी एकत्र सांगितली आणि पत्ता केंद्रशाळेचा दिला तर गोष्ट वेगळी.

विनय (खजिनदार, बी-102): अजून एक. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, खडू-रंग, नकाशे यांच्यावर जीएसटी शून्य आहे. वह्यांवर आधी 12 टक्के होता. दुकानात जुन्या एमआरपीचा माल असेल तर तोच भाव लावतील, तेव्हा विचारा. झेरॉक्सच्या कागदाचं मात्र उलट झालंय, तो 12 वरून 18 वर गेला. म्हणजे रिमा जपून वापरायच्या, वह्यांत हात सैल सोडला तरी चालेल.

नाना (डी-101): मला एक टोचतंय. पुण्याहून सगळं नेलं तर भोरच्या दुकानदाराचं काय? तो वर्षभर मास्तरांना उधारी देतो. अनुदान मार्चला येतं, खडू जूनला लागतात, मधले नऊ महिने कोण निभावतं?

बाई (सी-502): नाना, किती नेमकं बोललात. आमच्या तिथल्या स्टेशनरीवाल्याने माझ्या शाळेचे 6,000 रुपये एकदा आठ महिने थांबवून ठेवले होते, एक शब्द न बोलता. त्याला डावलून काही करायचं नाही. नऊ शाळांची यादी आधी त्याच्यापुढे ठेवायची. तो सुट्टा भाव सांगतो कारण त्याच्याकडे सुट्टंच गिऱ्हाईक येतं. घाऊक मागणी दिसली तर तोच पुण्याच्या बोहरी आळीतून माल उचलेल. त्याला जमलं नाही तरच आपण जाऊ.

मानसी (बी-304): पण मग आपल्या 42,000 चं काय? ते शाळांना आगाऊ देऊन मार्चला परत घ्यायचे का?

विनय (खजिनदार, बी-102): उसने नको. ना त्यांच्या हिशोबात बसेल ना आपल्या. देणगी द्यायची तर वस्तूंत, समितीच्या ठरावाने, आणि त्यांच्या साठ्याच्या नोंदवहीत चढवून.

बाई (सी-502): माझं म्हणणं असं आहे. नऊ शाळा मिळून साधारण 290 मुलं. एका शाळेला सगळं देण्याऐवजी सगळ्यांना जूनच्या वह्या आपण द्यायच्या, घाऊक भावाने. दप्तरं यंदा राहू देत, मानसी. मी केंद्रप्रमुखांशी बोलते, प्रत्येक शाळेकडून आधीच्या उरलेल्या वह्यांचा आकडा घेते. ज्यांच्याकडे आहेत त्यांना कमी. आणि बाकी वर्षाच्या खरेदीची यादी प्रसादने मुख्याध्यापकांबरोबर बसून आत्ताच करून ठेवायची. मग पैसे मार्चमध्ये आले तरी धावपळ नाही, यादी काढायची, भाव ठरलेला, ठराव झालेला. तुमच्या पैशापेक्षा प्रसादचे दोन रविवार मला जास्त हवे आहेत, खरं सांगते.

प्रसाद (ए-403): दोन काय, चार घ्या बाई.

मानसी (बी-304): मला पटलं. मी प्रत्येक शाळेचा इयत्तावार पट एका शीटमध्ये भरते. चौरेघी कुणाला किती, चौकटी कुणाला किती, ते त्यातून निघेल.

सचिन (सचिव, ए-201): टेम्पोचं मी बघतो. एका छोट्या हत्तीत 290 मुलांच्या वह्या सहज बसतील. केंद्रशाळेत उतरवायच्या, तिथून प्रत्येक शाळा आपापल्या नेईल.

बाई (सी-502): वरच्या दोन वाड्यांना गाडी जात नाही जूनमध्ये, रस्ता वाहून जातो. त्यांचं सामान मेअखेरच पोचवा. हे विसरू नका.

सचिन (सचिव, ए-201): लिहून घेतलं. 25 मेच्या आत.

(गुरुवार)

बाई (सी-502): भोरच्या दुकानदाराशी बोलणं झालं. यादी बघून आधी गप्पच बसला, मग म्हणाला, "बाई, हे आधी का नाही आणलंत?" त्याने चार प्रकारच्या वह्यांचे नमुने दिलेत, भाव कागदावर सहीनिशी. मानसीकडे ठेवलेत.

मानसी (बी-304): नमुने आले. आमच्या चिरंजीवांना कामाला लावलं. चारही वह्यांच्या एकेका पानावर जेल पेनने आणि शाईपेनने लिहिलं, पेन्सिलने लिहून चार वेळा खोडलं, पाण्याचा थेंब टाकला. फोटो टाकते.
1 नंबर: शाई मागच्या पानावर उतरली.
2 नंबर: ठीक. खोडल्यावर कागद थोडा फुलतो.
3 नंबर: सगळ्यात चांगली, पण मोजली तर 8 पानं कमी.
4 नंबर: पिन मधोमध नाही, मधलं पान हातात आलं.

प्रसाद (ए-403): शंभर पानांचा भाव काढला. 2 नंबर सगळ्यात स्वस्त, 3 नंबर तिच्यापेक्षा 1 रुपया 40 पैसे महाग.

बाई (सी-502): पहिली-दुसरीची पोरं लिहितात कमी आणि खोडतात जास्त. त्यांना 3 नंबर द्या, कागद फाटला की ती रडतात. तिसरीपासून पुढे 2 नंबर. आणि त्या दुकानदाराला 3 नंबरची आठ पानं दाखवा, म्हणजे तो वर कंपनीला विचारेल.

सचिन (सचिव, ए-201): रविवारी सकाळी 10 ला क्लबहाउसमध्ये. बाई, ते भाव लिहिलेलं वहीचं जुनं पान घेऊन या.

बाई (सी-502): आणते. दोन मुख्याध्यापकही येतायत, एसटीने. चहा थोडा जास्त ठेवा.