मिखाएल हायडनची व्हायोलिन-व्हायोला ड्युएट्स कोणी वाजवली आहेत का?

नमस्कार मंडळी,

लेक पाच वर्षं पाश्चात्त्य पद्धतीनं व्हायोलिन शिकतेय. तिला जोडी हवी म्हणून दोन वर्षांपूर्वी मी व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) हातात घेतला. दिवाळीनंतर घरीच पंधरा-वीस जणांसमोर वाजवायचं ठरलंय. दोघींसाठी काही शोधताना मोझार्टची दोन ड्युएट्स (दोन वाद्यांसाठीच्या रचना) मिळाली, त्याच्या रचनांच्या सूचीत के. ४२३ आणि ४२४. त्यांच्यामुळे मिखाएल हायडन या त्याच्याच काळातल्या संगीतकारापर्यंत पोचले.

गोष्ट अशी सांगतात, की आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या आर्चबिशपनं (तिथला धर्मप्रमुख आणि शासक) मिखाएलकडून सहा ड्युएट्स मागवली होती. चार झाली आणि तो आजारी पडला. १७८३ मध्ये गावी आलेल्या मोझार्टनं उरलेली दोन लिहून दिली. आज वाजतात ती हीच दोन. पहिल्या चारांची आठवण क्वचितच कोणी काढतं, याचं मला फार वाईट वाटतं. मोझार्टची ३७वी म्हणून वर्षानुवर्षं छापली गेलेली सिंफनीसुद्धा संथ सुरुवात सोडली तर मिखाएलचीच!

त्याचा थोरला भाऊ योझेफ हायडन जगभर गाजला. धाकट्यानं ४३ वर्षं साल्झबर्गलाच काढली. १७७१ च्या जानेवारीत त्याची तान्ही मुलगी गेली, डिसेंबरात तेव्हाचे, म्हणजे ड्युएट्स मागवणाऱ्याच्या आधीचे, आर्चबिशप गेले, आणि त्यांच्यासाठी त्यानं सी मायनर या स्वरपट्टीतलं रेक्वियम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) लिहिलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाक अर्धवट टाकून बसून राहिले. वीस वर्षांनी मोझार्टनं लिहिलेल्या रेक्वियममध्ये त्याच्या खुणा स्पष्ट ऐकू येतात.

म्हणून बैठकीत मिखाएलचं एक तरी ड्युएट हवंच. चार आहेत: सी, डी, ई आणि एफ मेजर. ई मेजरचे चार शार्प (अर्ध्या स्वरानं चढवलेले सूर) मला अजून पेलणार नाहीत. उरलेल्या तिनांतलं नवशिक्या व्हायोलाला कोणतं झेपेल? मुलगी तिसऱ्या पोझिशनपर्यंत आरामात वाजवते, माझं मात्र आल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलासाठीची स्वरलिपी, वाचताना अजून अडखळतं. दोन्ही वाद्यांचे भाग वेगवेगळे छापलेली स्वच्छ प्रत पुण्या-मुंबईत कुठे मिळेल?

आणखी एक. ऐकणारे बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीतातले आहेत. त्यांच्यासमोर आधी मिखाएल वाजवावा की मोझार्ट? मोझार्टनंतर मिखाएलकडे लक्ष राहणार नाही, अशी भीती वाटते. अशा श्रोत्यांसमोर कोणी वाजवलं असेल तर जरूर सांगा.