कार्डावर ‘प्रोन १६ तास × ६’, गालावर डाग: आत नेमकं काय चाललं होतं?

निळीशाई:
२०२० मध्ये बाबा कोविडने २३ दिवस आयसीयूत होते, त्यातले १४ दिवस व्हेंटिलेटरवर. वाचले. परवा जुनी फाइल चाळताना डिस्चार्ज कार्डावर ‘प्रोन १६ तास × ६’ असं दिसलं. त्यांच्या उजव्या गालफडावर करंगळीच्या नखाएवढा डाग आहे, तो तेव्हाचाच. शिवाय अधूनमधून ते म्हणतात, ‘माझे हात बांधले होते आणि खोलीत चेहरा नसलेली माणसं फिरत होती.’ आम्हाला दाराच्या आत सोडलं नव्हतं. दुपारी एक फोन यायचा, दोन वाक्यांचा. तक्रार करायची नाहीये. आत काम केलेलं कोणी असेल तर सांगाल का, काय चालायचं तिथे?

रात्रपाळी:
मी तेव्हा आयसीयूत नर्स होतो. (हो, होतो. वॉर्डात आम्हाला ब्रदर म्हणतात.) तुमच्या बाबांना ओळखत नाही, पण तो डाग ओळखतो.

प्रोन म्हणजे पालथं झोपवणं. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. माणूस उताणा असला की त्या भागावर हृदयाचा आणि पोटाचा भार येऊन तो मिटतो, रक्त मात्र तिकडूनच जास्त वाहत राहतं. रक्त येतं आणि ऑक्सिजन न घेताच परत जातं. पालथं केलं की तो भाग उघडतो. ही कोविडातली नवी युक्ती नव्हे. २०१३ साली फ्रान्स आणि स्पेनमधल्या आयसीयूंतली चाचणी प्रसिद्ध झाली. गंभीर एआरडीएसच्या (फुफ्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होतात ती अवस्था) रुग्णांना सलग किमान १६ तास पालथं ठेवलं, त्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के होते. उताण्या ठेवलेल्यांत ३२.८. कार्डावरचे १६ तास तिथले.

आता प्रत्यक्ष काम. पाच-सहा जण लागतात. आधी नळीतून चाललेलं फीड थांबवायचं, तोंड आणि ट्यूब (व्हेंटिलेटरची घशातून श्वासनलिकेत गेलेली नळी) सक्शन करायची, म्हणजे आतला स्राव ओढून काढायचा, डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने मिटवायच्या, छातीवरचे ईसीजीचे इलेक्ट्रोड काढायचे, ते नंतर पाठीवर लागतात. डोक्याशी उभा असतो त्याच्या हातात ट्यूब, म्हणून हुकूम त्याचाच. चादरीत गुंडाळून एका कडेला सरकवायचं, कुशीवर घ्यायचं, मग पालथं. पहिल्या आठवड्यात एका रात्री तिघांनी ‘तीन’वर वळवलं, दोघांनी ‘तीन’नंतर. ट्यूब दोन सेंटिमीटर बाहेर आली. सुटली नाही, पण त्या दिवसापासून आम्ही आधी मोठ्याने ठरवायचो: ‘तीन म्हणताना, नंतर नाही.’ पीपीई किटच्या आत कान झाकलेले, चष्म्यावर वाफ. समोरच्याला ऐकू गेलंय हे गृहीत धरायचंच नाही.

पालथं झाल्यावर एक हात डोक्याकडे, दुसरा अंगालगत, पोहणाऱ्यासारखा. मान एका बाजूला. दर दोन तासांनी मान आणि हात बदलायचे, असा आमच्याकडे नियम होता. एरवी आयसीयूत एका नर्सकडे एक किंवा दोन रुग्ण असतात. त्या महिन्यांत माझ्याकडे चार होते, आणि मान वळवायला ट्यूब धरणारा माणूस हवाच. तो पलीकडे कुणाला तरी ट्यूब घालत असायचा. मग दोनचे चार तास व्हायचे. गालाखाली फोम असायचा, तरी कातडी जायची. तुमच्या बाबांच्या बाबतीत काय झालं ते मला ठाऊक नाही, पण मी पाहिलेले बरेच डाग त्या जादा दोन तासांचे होते.

स्पष्टबोल्या:
बाकी ठीक, पण आजारी माणसाचे हात बांधणं समजत नाही. समजावून सांगता येत नाही का?

रात्रपाळी:
सांगतो की. दर शिफ्टला सांगायचो: तुमचं नाव, आज तारीख ही, तुम्ही आयसीयूत आहात, घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही. पाच मिनिटांनी ते सगळं पुसलेलं असतं. गुंगीची औषधं कमी करताना अनेकांना भ्रम होतो. आपल्याला डांबून ठेवलंय, मारणार आहेत, अशी खात्री वाटते, आणि पहिला हात नळीकडे जातो.

एरवी मी बेडशेजारी असतो. हात धरला की भागतं. साथीत मी काचेच्या बाहेर. पंपसुद्धा आम्ही लांब नळ्या जोडून बाहेर काढले होते, म्हणजे औषधाचा वेग बदलायला दर वेळी किट वाया जायला नको. अलार्म वाजला की गाऊन, मास्क, चष्मा, दोन हातमोजे, मग दार. घाई केली तरी तीन-चार मिनिटं. एवढ्यात ट्यूब हातात आलेली असते. म्हणून मऊ पट्टे. मला ते कधीच आवडले नाहीत, आणि आत गेल्यावर पहिलं काम मी ते सोडायचं करायचो. पण बांधले नाहीत असं म्हणणार नाही.

चेहरा नसलेली माणसं म्हणजे आम्हीच. गाऊनवर मार्करने नावं लिहायचो. ती मुख्यतः एकमेकांसाठी.

निळीशाई, एक सुचवतो. काही आयसीयूंत रुग्णाच्या उशाशी वही ठेवतात, नर्स रोज दोन ओळी लिहितात, बरं झाल्यावर ती त्याला देतात. आमच्याकडे तेव्हा कुणाला सुचलं नाही. तुमच्याकडे फाइल आहे. बाबांची तयारी असेल तर तारखा लावून त्यांच्यासोबत वाचा. पट्टे कोणत्या दिवशी होते तेही नर्सिंगच्या नोंदीत असेल.

फिजिओ_आहे_मी:
फक्त एक भर. पालथ्या स्थितीत वर घेतलेल्या हाताच्या खांद्यापाशी मज्जातंतू ताणले जाऊ शकतात. बाबांचा हात डोक्यापर्यंत जातो का? बोटांत मुंग्या? विचारू नका, कपडे घालताना बघा. ‘ठीक आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

निळीशाई:
काल बघितलं. शर्टात आधी डावा हात घालतात, तोही खालूनच, मग उरलेला शर्ट उजव्या हाताने पाठीवरून ओढून घेतात. आम्ही वयाचं समजत होतो. विचारलं तर म्हणाले, ‘आयसीयूतून आल्यापासून असंच आहे, त्यात काय सांगायचं.’ या आठवड्यात दाखवून घेतो. फाइल त्यांनीच उशाशी ठेवून घेतली आहे. तिसऱ्या प्रोनपर्यंत वाचून झालंय.