आधी दाणे, मग धार

भाऊ, फोटो एडिट करताना शार्पनिंग (कडांना धार देणं) आधी करायचं की नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे, ठिपके कमी करणं), असं विचारलंय तुम्ही. आधी नॉइज काढा. उलटं केलंत तर दाण्यांनाच धार येते. सारंगखेड्याच्या यात्रेत रात्री आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० वर ठेवून घोडे टिपले होते. हौसेने नॉइजचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला, तर आयाळ मेणाची दिसायला लागली! आता रंगीत ठिपके पुरते घालवतो, ल्युमिनन्सचा, म्हणजे उजळ-गडद दाण्यांचा स्लायडर मात्र अर्ध्याच्या आतच थांबवतो. थोडे दाणे राहिले तर कुठे बिघडतं?

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून ओढा. पांढरं दिसेल तिथेच धार लागते, आकाशासारखा काळा दिसणारा भाग सुटतो. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला जरा किचकट. आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. जेपीईजीवर कॅमेऱ्याने आधीच हात फिरवलेला असतो.