गणितात ट्रिक आधी की समीकरण आधी? पालकांनो, बोला

दहावीवाली आई, मनीषनगर:
लेक दहावीत आहे, क्लासला जाते, नाव सांगत नाही क्लासचं. काल विचारलं, गाडी वर्ध्याला जाताना ताशी ४० नी गेली अन् त्याच रस्त्यानी येताना ६० नी आली तर सरासरी वेग किती? पटकन म्हणाली ४८, दोन गुणिले ४० गुणिले ६० भागिले १००. बरोबर. मग म्हटलं ५० का नाही गं? गप्प. म्हटलं बरं, दोन तास ४० नी अन् दोन तास ६० नी चालवली तर? पुन्हा ४८! अगं ८० अन् १२० मिळून २०० किलोमीटर, चार तास, इथे ५० च येणार ना. सूत्र तोंडपाठ, पण ते कुठे लागतं तेच माहीत नाही. माझं मत आहे की दहावीपर्यंत ट्रिक शिकवूच नये.

प्रतापनगरचा इंजिनिअर:
ताई, नाही पटलं. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे अंतर एक्स धरून मांडणी करत बसली तर अर्धा पेपर राहील. वेगाची सवय आत्ताच लागते. आमच्या घराचं काम सुरू होतं तेव्हा गवंड्यानी दोरी धरून एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ फूट मोजलं, तिरपं ५ आलं की कोपरा काटकोनात. त्याला कोणी प्रमेय सिद्ध करायला लावलं होतं?

निवृत्त शिक्षक, महाल:
गवंडी तिरपं माप घेऊन बघतो अन् ५ नाही आलं तर दोरी सरकवतो, म्हणजे काय तपासतोय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आमची मुलं त्रिकोण दिसला की पायथागोरस लावतात, काटकोन दिलाय की नाही बघतच नाहीत. अन् तीन बाजू देऊन काटकोन आहे का विचारलं तर तो व्यत्यास आहे, म्हणजे उलट दिशेचं प्रमेय, तिथेही मूळ प्रमेयाचंच नाव लिहून मोकळे. बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरात पहिले बहुपर्यायी सोडले तर ऑप्शन टाकून बघायची सोय नाही, पायऱ्यांनाच गुण आहेत.

बारावीचा पोट्टा:
काहून भांडून रायले बाप्पा, सगळ्या ट्रिक वाईट नसतात ना. आईचं वय मुलीच्या तिप्पट, १२ वर्षांनी दुप्पट होईल, मुलगी किती वर्षांची? पुस्तकात तीन एक्स अधिक १२ बरोबर दोन एक्स अधिक २४, उत्तर १२. मी असं करतो, वयातला फरक बदलत नाही. आज फरक मुलीच्या वयाच्या दुप्पट आहे, नंतर तो तिच्या वयाएवढाच होतो, म्हणजे १२ वर्षांत तिचं वय डबल झालं, म्हणून ती आज १२ ची अन् आई ३६. एक्स नाही, सूत्र नाही, अन् कोणी का विचारलं तर सांगता येते.

प्रतापनगरचा इंजिनिअर:
मस्त आहे हे, मान्य. पण हे तुला सुचलं, वर्गातल्या सगळ्यांना नाही सुचणार. ज्याला नाही सुचत त्याच्या हातात सूत्र तरी द्या, कोरा पेपर देण्यापेक्षा बरं.

दहावीवाली आई, मनीषनगर:
दादा, ती भीती मलाही आहे हो. आज तिला संत्री घ्यायला सोबत नेलं अन् विचारलं, १२० रुपयांची संत्री ६० रुपये डझननी घेतली अन् १२० ची ४० नी, तर डझन सरासरी कितीला पडला? २ डझन, ३ डझन, पाच डझनाचे २४०, म्हणजे ४८. लगेच थांबली, म्हणे आई हा तर गाडीवालाच आकडा! मग पैसे सारखे न घेता दोन्हीकडून दोन-दोन डझन घेतले तर? ५०, सूत्राला हातही न लावता, अन् मग गाडीचं का चुकलं तेही स्वतःच बोलली. तेव्हा शिकवूच नये हे मी मागे घेते, शिकवा, पण अशा चार गणितांनंतर.

प्रतापनगरचा इंजिनिअर:
पटतंय ताई, पण क्लासमधे एका बॅचला साठ मुलं अन् दिवाळीपर्यंत पोर्शन संपवायचा, तिथे एकेकाला संत्र्यांचा हिशोब कोण करून देणार? सर, तुम्ही वर्गात वेळ कसा काढत होता ते सांगा.