टेस्टिंगमधून यूएक्समध्ये यायचंय, फिग्माचा कोर्स पुरेल का?

कवडसा:
नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग करतो. कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.एस्सी., वय २८. बग, म्हणजे सापडलेली चूक, नोंदवताना बऱ्याचदा वाटतं, कोड बरोबर आहे, स्क्रीनच चुकलाय. तसं लिहिलं की 'डिझाइनप्रमाणेच आहे' असा शेरा मारून तिकीट बंद करतात. म्हणून यूएक्सकडे, म्हणजे वापरणाऱ्याला सोपे जातील असे स्क्रीन आखण्याच्या कामाकडे, वळायचं डोक्यात आहे. चित्रकला म्हणाल तर शाळेत इंटरमीजिएट दिली होती, तेवढीच. एका क्लासने फिग्माचा, म्हणजे स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरचा, तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय, फी बरीच आहे. कोर्स करू, की नोकरी सोडून एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी? या कामातली माणसं कशी घडतात, कामाकडे कशी बघतात, हे कुणी अनुभवातून सांगेल का?

आडवाट:
एम.डेस.चं तेवढं सांगतो. त्याच्या प्रवेशासाठीची सीड परीक्षा आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. पदवी कुठल्याही शाखेची चालते, वयाची अट नाही, गुण एकच वर्ष धरतात. एक भाग कॉम्प्युटरवर, दुसऱ्यात हाताने रेखाटन. आयआयटी मुंबईचं पवईतलं डिझाइन स्कूल, आयडीसी, १९६९ पासूनचं. विंडोजमधला 'मंगल' फाँट करणारे र. कृ. जोशी तिथेच शिकवायचे. दोन वर्षं पगाराशिवाय काढता येणार असतील तर जरूर जा. नसतील तर त्यावाचून अडत नाही, माझ्या टीममधले निम्मे लोक डिझाइन स्कूलचे नाहीत.

पाटीपेन्सिल:
कवडसा, जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून उपयोजित कला केली आणि सदाशिव पेठेतल्या एका प्रेसमध्ये डीटीपीला, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायला, लागले. पेजमेकर, कोरलड्रॉ, श्रीलिपी. लग्नपत्रिका असायच्याच, पण माझ्याकडे जास्त यायची ती पावतीपुस्तकं, व्हाउचर, प्रवेशअर्ज. एकदा एका संस्थेचे हेडक्लार्क पावतीचं प्रूफ बघायला आले. रकमेचा चौकोन मी मधोमध घेतला होता. ते म्हणाले, तो उजव्या कडेला घ्या, स्थळप्रतीवरही तिथेच. मग पुस्तक हातात धरून दाखवलं: संध्याकाळी बेरीज करताना ते डाव्या हाताने पुस्तक दाबून धरतात आणि उजव्या अंगठ्याने पानांच्या कडा भराभर सोडत जातात. रक्कम कडेला असली तर पुस्तक पूर्ण उघडावंच लागत नाही. मला तेव्हा यूएक्स म्हणजे काय हे माहीतही नव्हतं, पण आजही नवीन कामाला हात घालताना मी तेच शोधते. समोरच्याच्या कामाला एक क्रम असतो, वर्षानुवर्षांचा, अंगवळणी पडलेला. स्क्रीनने आधी त्या क्रमाला मान द्यायचा. रंग, आयकॉन, ॲनिमेशन सगळं नंतर.

प्रेसनंतर वेबसाइट करणारी एक छोटी कंपनी, मग हिंजवडी. वेब डिझायनर, यूआय डिझायनर, यूएक्स डिझायनर अशी पदाची नावं बदलत गेली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगण्यासारखं आहे ते पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं. पिग्मी तुम्हाला माहीत असेल, एजंट रोज दुकानोदुकानी जाऊन थोडी थोडी रक्कम गोळा करतो. ही पद्धत उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली, आणि आपल्याकडच्या पतसंस्था आजही तिच्यावर तगून आहेत. या एजंटांसाठी मोबाइल ॲप करायचं होतं. मी कराडच्या बाजारपेठेत एका एजंटकाकांच्या मागे मागे हिंडले. जुन्या ॲपमध्ये खाती क्रमांकाप्रमाणे लागलेली. काकांच्या खिशातल्या डायरीत मात्र गल्लीप्रमाणे: जाताना डावीकडची दुकानं, येताना उजवीकडची. बंद दुकानापुढे टिंब, म्हणजे परतताना पुन्हा बघायचं. काका आधी डायरीत लिहीत आणि घरी गेल्यावर रात्री ॲपमध्ये भरत. म्हणजे ॲपने त्यांचं काम दुप्पट केलं होतं.

आम्ही यादी फेरीच्या क्रमाने लावली. दुकान बंद असेल तर नाव सरकवायचं, ते आपोआप परतीच्या वाटेत जातं. बहुतेक दुकानदार रोज ठरलेलीच रक्कम देतात, म्हणून ती आधीच भरून ठेवली. डाव्या हातात नोटा असतात, तेव्हा सगळी बटणं उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात आणली. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, पावती कमरेच्या छोट्या प्रिंटरवर निघते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं ४.५ ला १ हे प्रमाण वेब सुलभतेच्या नियमांत किमान म्हणून दिलेलं आहे, पण भर दुपारच्या उन्हात ते अपुरं पडतं. आम्ही सरळ पांढऱ्यावर काळं घेतलं. ओळींची उंचीही वाढवली, कारण इंग्रजी अक्षरांच्या मापाने केलेल्या ओळीत 'कृष्णा'तला ऋकार खालून छाटला जात होता. मराठी स्क्रीन करताना खरी मराठी नावं टाकूनच बघा. फाँट मी 'मुक्ता' वापरते, फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट दिसतात.

फिग्मा घरी शिकता येतं, सुरुवातीला फुकट खातं पुरतं. त्यासाठी मोठी फी भरू नका. मुलाखत घेताना मी सुंदर स्क्रीन बघत नाही. विचारते, हे कुणासाठी केलं, तो माणूस आधी हे काम कसं करायचा, आणि तुम्ही काय काढून टाकलंत? इथे बरेच जण अडखळतात. तुम्हाला टेस्टिंगमुळे एक फायदा आहे. नेट गेलं, नाव लांब निघालं, दोनदा बटण दाबलं तर काय, हे तुम्हाला आपसूक सुचतं. नव्या डिझायनरला ते शिकवावं लागतं.

कवडसा:
ताई, मनापासून आभार. आमच्या सोसायटीचे खजिनदार काका मेंटेनन्सचा हिशोब वहीत ठेवतात, ॲप घेतलंय पण वापरत नाहीत. यावर काम केलं तर पोर्टफोलिओत चालेल?

आडवाट:
चालेल काय, पळेल. फक्त एकट्या काकांवर थांबू नका. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. शेजारच्या सोसायट्यांचे खजिनदारही गाठा.

पाटीपेन्सिल:
अगदी. महिन्याच्या सुरुवातीला, काका पावत्या लिहीत असतील तेव्हा शेजारी बसायची परवानगी मागा. 'तुम्हाला ॲपमध्ये काय हवं' हे विचारू नका, त्याचं उत्तर माणसं तुमचं मन राखायला देतात. 'मागच्या महिन्यात कुणाचे पैसे उशिरा आले, तेव्हा काय केलंत' असं विचारा. लॅपटॉप पहिल्या खेपेला नेऊ नका. काकांच्या वहीच्या समासात ज्या खुणा असतील त्या जशाच्या तशा उतरवून घ्या आणि प्रत्येकीचा अर्थ विचारा. ते झालं की इथे टाका, आपण पहिला स्क्रीन मिळून बघू.